रिकामं तोंड

मिश्री सोडून मला आता बरीच वर्षं झाली. कुणी विषय काढला की मी लगेच सांगून टाकते, आणि सांगताना मान जराशी ताठ होते हे माझं मलाही कळतं. ऐकणारे कौतुक करतात. भल्याभल्यांना जमत नाही, तुम्हाला कसं जमलं, असं विचारतात. मग मी दवाखान्याची, चट्ट्याची, डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या दमाची हकीकत सांगते आणि त्यांचं समाधान होतं. सोडल्यावर माझं काय गेलं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. त्याचा मला थोडा रागच आहे. म्हणून आता न विचारता सांगते.

ज्यांनी मिश्री पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, फडक्यातून गाळायची. ती काळी पूड डाव्या तळहातावर घ्यायची आणि उजव्या हाताच्या बोटाने दातांना, हिरड्यांना चोळत बसायचं. म्हणायला हे दात घासणं, पण एवढे दात कुणाचेच मळत नाहीत. चोळता चोळता तंबाखू अंगात भिनते, डोकं हलकं होतं, हातापायांतला शीण उतरतो. बायकांनी बिडी ओढायची सोय नाही, चारचौघांत तंबाखू मळायचीही नाही, म्हणून दात घासायच्या नावाखाली काढलेली ही पळवाट आहे.

माझ्या माहेरी हा प्रकार नव्हता. वडील इगतपुरीला रेल्वेत, आई कडक शिस्तीची. मी मॅट्रिक झालेली, वाचनालयाची पुस्तकं उशाशी घेऊन झोपणारी. नव्वदच्या आसपास लग्न होऊन सातपूरला आले. नवरा तिथल्या एका कारखान्यात लेथवर होता. औद्योगिक वसाहतीच्या कडेला कामगारांची एक बैठी चाळ होती, तिच्यात आमच्या दोन खोल्या. पुढच्या बाजूला रस्ता, सायकली, पाळीच्या बसगाड्या. मागच्या बाजूला बोळ, बोळात नळ, कपडे धुवायचा दगड आणि सगळ्यांच्या मागच्या दारांना जोडून गेलेली एक लांब पायरी. पुरुषांची चाळ पुढे होती आणि आमची मागे.

पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा माझी दाढ दुखायला लागली. गोळी घ्यायची भीती, सहन तर होत नाही. गाल धरून मी मागच्या पायरीवर बसले होते, तेव्हा शेजारच्या खोलीतली आक्का बाहेर आली. ती माझ्यापेक्षा बरीच मोठी, देवळा तालुक्यातली. कांद्याच्या वावरात निंदणी करत वाढलेली, उंच, हाडापेराने मजबूत, आवाज असा की मागे नळावर बोलली तर पुढे रस्त्यावर ऐकू जावं. तिचा नवराही माझ्या नवऱ्याच्याच कारखान्यात होता. शहरात राहून तिची बोली पुष्कळ मवाळ झाली होती, पण माया दाटली किंवा राग आला की देवळा बाहेर यायचा.

"दाढ का?" तिने विचारलं आणि कमरेची डबी काढून माझ्या तळहातावर एक चिमूट ठेवली. "लाव आणि गप बठ जराशी. बरं वाटीन तुले."

मला गरगरलं, घाम फुटला. मग दाढ खरंच शांत झाली. ती दाढ मी बाळंतपणानंतर काढून टाकली, मिश्री मात्र राहिली.

आता जे सांगायचं आहे ते हे. तोंडात मिश्री असली की बाईला कुणी कामाला लावत नाही. तिला बोलता येत नाही, तिचे हात काळे असतात, ती कणकेला शिवू शकत नाही. सासू असो, नवरा असो, पोरं असोत, सगळे थांबतात. "मिश्री लावतेय ती" या वाक्याला आमच्या चाळीत जो मान होता तो "तिला ताप आहे" या वाक्यालाही नव्हता. तापातल्या बाईकडे चहा मागणारे नवरे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. मिश्रीतल्या बाईकडे मागणारा एकही पाहिला नाही.

सकाळी पहिल्या पाळीचा भोंगा झाला की एकदा, आणि दुपारी भांडी पालथी पडली की एकदा, आम्ही चौघी पायरीवर बसायचो. आक्का, मी, नळाजवळच्या खोलीतली आणि कोपऱ्यातली. मिश्री आक्काच भाजायची, सगळ्यांची मिळून. भाजायच्या दिवशी बोळात असा धूर व्हायचा की चाळीतली पोरं खोकून हैराण व्हायची आणि पुरुष पुढच्या दारातून शिव्या द्यायचे. आम्ही हसायचो. एरवी बोलणं फार होत नसे. तोंड भरलेलं असताना मान वर करून, ओठ मिटून जेवढं बोलता येईल तेवढंच. एखादं "हूं", एखादी भुवई, नळाकडे एखादा इशारा. मी जात्या बडबडी. पण गप्प बसण्यातही सोबत असते हे मला त्या पायरीवर कळलं. आक्काचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला असायचा. नवऱ्याला हे कधी सांगितलं नाही, पण त्याच्याजवळही मी इतकी निवांत कधी बसले नव्हते.

अशी काही वर्षं गेली. धाकटी शाळेत जायला लागली त्या सुमारास खालच्या ओठाच्या आत काहीतरी खरखरीत लागायला लागलं. जीभ सारखी तिकडे जायची. दातांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीण तरुण होती, माझ्याहून चार-पाचच वर्षांनी लहान असेल, तरी मला मावशी म्हणाली. ते मला आवडलं नाही. तिने ओठ बाहेर ओढला, दिवा जवळ घेतला आणि मिश्री लावता का, असं विचारलं. जिथे मी पूड दाबून ठेवायचे, नेमका तिथेच पांढरा चट्टा पडला होता.

"आज सोडलंत तर हा बहुतेक जाईल," ती म्हणाली. "नाही सोडलंत तर पुढचं मी आत्ता सांगत नाही. घाबराल."

तिने सांगितलं असतं तर मी कदाचित वाद घातला असता. न सांगितलेलं जास्त लागलं. घरी येऊन डबी नळाखाली रिकामी केली. काळं पाणी दगडावरून वाहत गेलं आणि आक्का दारात उभी राहून ते बघत होती. 

पहिले दिवस कसे गेले ते सोडणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. डोकं ठणकायचं, पोट साफ होत नव्हतं, झोप येत नव्हती. घरात ज्याने ज्याने भांडं वाजवलं त्याने माझं ऐकून घेतलं. नवरा निर्व्यसनी, त्यामुळे त्याला बोलायला जागा होती. "सोडलीस ना? मग झालं," एवढंच म्हणाला आणि त्याच्या दृष्टीने विषय संपला. पण तो त्रास अंगाचा होता. अंग कुरकुरतं आणि कधीतरी गप्प होतं. मला खरं जड गेलं ते दुसरंच.

मी पायरीवर बसायला जातच होते. रिकाम्या तोंडाने. तिघींची तोंडं भरलेली आणि माझंच मोकळं, म्हणजे बोलायची जबाबदारी माझ्यावर आली. मी भाजीचे भाव सांगायचे, पोरांच्या शाळेतलं सांगायचे, त्या "हूं" करायच्या. परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारणाऱ्या बाईंसारखं मला वाटायला लागलं. त्यांनाही तसंच वाटत असावं, कारण कोपऱ्यातली पाठ करून बसायला लागली. आणि घरातून हाका यायला लागल्या. शर्टाचं बटण, डब्याचं झाकण, पाहुण्यांसाठी पाणी. मी जरा वेळाने येते म्हटलं की आतून उत्तर यायचं, "अगं, रिकामीच तर बसलीयस." ते खोटं नव्हतं. मी रिकामीच बसलेली असायचे. उठावं लागायचं. उठता उठता मागे वळून पाहिलं की आक्काचा गुडघा माझ्या जागेवर पसरलेला असायचा. शेवटी मी जायचंच सोडलं.

दुपारी मी आतल्या खोलीत आडवी पडायचे. पुस्तक छातीवर. मागच्या दारापलीकडून काही ऐकू येत नसे, कारण त्या बोलतच नव्हत्या. मग शेवटी तिघींच्या चुळा भरल्याचा आवाज यायचा, एकीची, दुसरीची, तिसरीची. चौथी, माझी, नसायची. मला रडू यायचं. मी तंबाखूसाठी रडत होते असं कुणाला वाटलं तर वाटो.

एके दिवशी आक्का आठवड्याच्या बाजारातून आली ती थेट माझ्याकडे. हातात कागदाची पुडी. आत काळपट तांबूस पूड.

"जडीबुटीचं मंजन शे," ती म्हणाली. "यात तंबाखू नही. मी विचारीसन आणलं. हे लाव आणि ये बाहेर. तुझी जागा पाहूनी आमले करमत नही."

मी दुपारीच पायरीवर गेले. तळहातावर पूड, तोंड भरलेलं, हात काळे. आक्काने गुडघा आवरून घेतला. घरातून हाक आली आणि नळाजवळचीने माझ्या वतीने ओरडून सांगितलं, "मंजन लावतेय ती." हाक थांबली. आम्ही चौघी हसलो, ओठ मिटून, नाकातून.

पुडी संपली की आक्का बाजारातून नवी आणायची. ते महिने माझ्या सातपूरच्या वास्तव्यातले सगळ्यात सुखाचे. डोकं ठणकायचं थांबलं, पोट ठीक झालं, झोप लागली. तलफ कुठल्या कुठे गेली. मनाचा निग्रह असला की सगळं होतं, असं मी नळाजवळचीला ऐकवलंसुद्धा. तिने "हूं" केलं. मी वाचलेल्या पुस्तकांतली दोन-चार वाक्यंही वर टाकली. आता आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी ओठ ओढून पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. चट्टा तसाच होता, कडेने थोडा सरकलाच होता. "सोडलीत ना नक्की?" मी शपथ घेतली. "मग दात कशाने घासता?" मी सांगितलं. पुढच्या वेळी पुडी घेऊन या, म्हणाल्या. पुढची वेळ कशाला, मी दुसऱ्याच दिवशी गेले. त्यांनी चिमूट बोटांत चोळली, वास घेतला आणि पुडी माझ्या नाकाशी धरली.

"वरून लवंग घातलीय, मावशी. बाकी तंबाखूच आहे ही."

मी बसथांब्यावर बसून राहिले. दोन बसगाड्या गेल्या. इतके दिवस मी सोडलेलं काहीच नव्हतं. निग्रहाचं कौतुक केलं होतं ते त्या लवंगेचं. रडावं की हसावं कळेना. थोडं दोन्ही झालं, शेजारच्या बाईने पिशवी जरा पलीकडे सरकवली.

आक्काला सांगितलं तेव्हा तिच्या तोंडात मिश्री होती. तिचं बोट दातांवर थांबलं. मग ती उठली, थुंकली, चूळ भरली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "माले त्याने पोराची आण घेऊन सांगितलं व्हतं," म्हणाली. मी म्हटलं, तुझा काय दोष, फसवणारा तो. खरोखर माझ्या मनात तिच्याबद्दल काही नव्हतं. पण ती ऐकत नव्हती. "माझ्या हाताने दिलं मी तुले," एवढंच म्हणून आत गेली. त्या दिवशी तिने मागचं दार लावून घेतलं. आमची मागची दारं दिवसा कधी लागत नसत.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुढच्या दाराची कडी वाजली. आक्का उभी होती. इतक्या वर्षांत ती पुढच्या दाराने कधी आली नव्हती. धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले, तोंड स्वच्छ.

"आज बिना मिश्रीची बठते तुझ्याजवळ," ती म्हणाली.

मी सतरंजी घातली. ती पाहुणीसारखी भिंतीला टेकून बसली. मला इतका आनंद झाला होता की काय बोलू आणि काय नको असं झालं, आणि त्यामुळेच बहुधा दोघींनाही काही सुचेना. पायरीवर वर्षानुवर्षं शेजारी बसलो होतो, पण समोरासमोर बसून बोलायची आम्हाला सवयच नव्हती. तिने मुलांची शाळा विचारली. मी देवळ्याला यंदा कांदा कसा आहे ते विचारलं. दोन्ही उत्तरं दोघींना माहीत होती. मी चहा केला, तो तिने घाईने संपवला. मग तिला जांभया यायला लागल्या, एकामागून एक. कपाळावर घाम आला. उजव्या हाताचं बोट डाव्या तळहातावर फिरत होतं, काहीच नसताना. तिने ते पाहिलं आणि हात पदराखाली घेतले. पदराखालीही ते हलत होते.

"तुला सोड म्हणत नाहीये गं मी," मी म्हटलं. "नुसती बसलीस तरी खूप आहे."

"नुसतंच तर जमत नही." ती भिंतीचा आधार घेऊन उठली. "मी जाते. तू राग मानू नको."

पुढच्या दाराने गेली. थोड्या वेळाने मागे पायरीवर तिच्या डबीचं झाकण वाजलं. पातळ पत्र्याचं झाकण होतं, लगेच ओळखू यायचं. मी दाराच्या आत उभी होते. बाहेर पाऊल टाकून तिच्याशेजारी बसायचं आणि तळहात पुढे करायचा, एवढंच करायचं होतं. तिने काही न बोलता चिमूट ठेवली असती आणि आमचं सगळं पहिल्यासारखं झालं असतं. सोडण्याची कसोटी डोकं ठणकत असतं तेव्हा लागत नाही, ती अशा वेळी लागते. मी तांदूळ निवडायला घेतले. निवडलेलेच होते ते, पुन्हा निवडले.

त्यानंतर आक्का मला टाळायला लागली. मी नळावर गेले की तिचे कपडे अर्धे पिळून उचलले जायचे. "काय आक्का?" म्हटलं की "काम शे" म्हणून दाराआड. समोरून आली तर पदर तोंडाला लावायची. मला आधी वाईट वाटलं आणि मग राग आला. मी तिला सोड म्हटलं होतं का? उपदेश केला होता का? तिच्या दृष्टीने आता शिकलेली बाई शहाणी झाली असेल, म्हटलं, होऊ दे. मीही नळाची वेळ बदलली. रागावलेलं असणं एकटं असण्यापेक्षा बरं असतं, निदान मनातल्या मनात भांडायला कुणीतरी असतं.

पण राग काही सबंध दुपार पुरत नाही. नवरा पाळीला, पोरं शाळेत. टीव्हीवर दुपारच्या मालिका सुरू झाल्या होत्या, त्या लावून ठेवायचे. वाचनालयातून दोन-दोन पुस्तकं आणायचे. दमून बसावं असं वाटलं तरी बसता येत नव्हतं, कारण बसण्याचं कारण स्वतःलासुद्धा सांगावं लागे आणि माझ्याकडे ते उरलं नव्हतं. मग मी काम काढायचे. लोक म्हणायचे, मिश्री सोडल्यापासून बाई किती उरकते. माझ्या घरातले डबे त्या काळात जितके चकचकीत होते तितके पुन्हा कधी झाले नाहीत.

इथेच एक सांगून टाकते. तलफ अजून येते. वर्षं लोटली, चाळ सुटली, आम्ही गंगापूर रोडच्या बाजूला राहायला आलो, तरी येते. आक्का गेली त्या आठवड्यात तर अशी आली की मी पायात चपला अडकवून दुकानापर्यंत गेले. दुकानदाराने काय हवं विचारलं, मी अंगाचा साबण मागितला आणि परत आले. तंबाखूला मी भीत नाही. पूड काय, कुठेही मिळते. शेजारी बसणारं माणूस मिळत नाही, आणि मेंदूला ते दोन्ही वेगळं करून मला अजून सांगता आलेलं नाही.

तर त्या टाळाटाळीच्या दिवसांतली पुढची तपासणी. डॉक्टरीणबाईंनी ओठ ओढला, दिवा फिरवला, पुन्हा फिरवला. मग माझ्या हातात आरसा दिला. ओठाच्या आतली कातडी गुलाबी होती, सगळीकडे सारखी. चट्टा गेला होता. त्या इतक्या खूश झाल्या की मावशी म्हणायचं विसरून चक्क ताई म्हणाल्या.

बसमध्ये बसल्यावर मला कुणालातरी सांगायची घाई झाली. नवरा दुसऱ्या पाळीला होता, त्याला रात्री सांगितलं असतं आणि तो "बरं झालं" म्हणाला असता. पोरांना कळण्याचं ते वय नव्हतं. सांगावं असं एकच माणूस होतं. भांडण बिंडण सगळं विसरून मी मनात वाक्यं जुळवत होते. आणि सातपूर जवळ आलं तसं माझ्या लक्षात आलं की तिलाच हे सांगता येणार नाही. माझं तोंड साफ झालं, असं आक्काला सांगायचं म्हणजे तुझं काय, असं विचारण्यासारखं होतं. मी ठरवलं, सांगायचंच नाही.

मागच्या बोळातून घरात शिरत होते. पायरीवर आक्का एकटीच होती. बाकी दोघी कुठे हळदीकुंकवाला गेल्या होत्या. मी खाली बघून पुढे चालले, तर तिनेच विचारलं, माझ्याकडे न बघता.

"काय म्हणली डॉक्टरीण?"

म्हणजे मी कधी जाते, कधी येते, हे सगळं तिला ठाऊक होतं. मी म्हटलं, "काही नाही. बघू म्हणाली."

तिने मान हलवली. "म्हणजे सोडून बी फरक नही पडला." मग ती बाजूला सरकली. माझी जागा मोकळी झाली. डबी उघडून तिने माझ्यापुढे धरली. "मग कशाला उगीच जिवाला त्रास? ये. बठ."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की माझा हात खरंच थोडा उचलला गेला. मी खोटं बोलून बसले होते आणि आता नाही म्हणायला माझ्याकडे कारणच नव्हतं.

"नको, आक्का."

"का नको?"

 ती माझ्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं आम्ही न बोलता बसलो होतो, माझा चेहरा वाचायला तिला वेळ लागला नाही.

"गेला ना?" ती म्हणाली.

मी मान हलवली. तिने डबीचं झाकण लावलं. आता ही उठून आत जाणार, असं मला वाटलं. ती उठली, पण नळाकडे गेली. चूळ भरली. पुन्हा भरली. थुंकलेलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत भरत राहिली. पदराने तोंड पुसलं आणि पायरीच्या ज्या टोकाला ऊन येत होतं तिथे जाऊन बसली.

"मग माझं बी बघ," ती म्हणाली. "कधीपासून जळतं. तिखट खाता येत नही. त्या दिवशी तू ते काळं पाणी नळाखाली सोडलं ना, तवापासून भ्याव शे मनात. तुझ्यापुढे बठले तर तू विचारशील, म्हणून बठत नव्हते."

मी इतके महिने ज्याला तिचा राग समजत होते ते हे होतं. मी तिच्यासमोर उकिडवी बसले. तिने मान वर केली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मी तिची हनुवटी धरून उन्हाकडे वळवली. दात काळे, हिरड्या खाली गेलेल्या. डाव्या गालाच्या आत मला दिसलं. माझा चट्टा पांढरा होता. तिचा पांढरा नव्हता.

बोळात कुणी नव्हतं. पुढे रस्त्यावर पाळीची बस येऊन थांबली, माणसं उतरली, बस गेली. माझं बघून केव्हाच झालं होतं. तरी मी हनुवटी सोडली नाही आणि तिनेही तोंड मिटलं नाही. ते उघडं होतं तोवर मला काही सांगावं लागणार नव्हतं, आणि तिला काही विचारावं लागणार नव्हतं.